डिजिटल आणि बिगर-डिजिटल शाळांची तुलना करण्याआधी

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही जिल्हा परिषद शाळेत पदवीधर शिक्षक आहात आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करताय. विषय आहे ‘डिजिटल तंत्रज्ञानाचा अध्यापनावर आणि शाळा विकासावर होणारा परिणाम’. दोन तालुक्यांतल्या २० डिजिटल आणि २० बिगर-डिजिटल शाळा घ्यायच्या, पाचवीच्या मुलांचे संकलित मूल्यमापनाचे गुण जमवायचे, शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी चाचणी) लावून फरक सार्थ, म्हणजे नुसत्या योगायोगाने पडू शकेल त्यापेक्षा मोठा, आहे का ते पाहायचं, असा आराखडा आहे. तो चालेल का आणि प्रश्नावलीत किती प्रश्न असावेत, असं तुम्ही विचारलंय.

प्रश्नावलीचं नंतर बघू. आधी तुलनेचंच बघायला हवं, कारण या आराखड्यातून फरक सार्थ निघाला तरी तो कशामुळे पडला हे तुम्हाला सांगता येणार नाही. शाळांमधल्या तंत्रज्ञानावर संशोधन करणाऱ्यांचे प्रबंध मी बरीच वर्षं वाचतेय, तपासतेय, आणि स्वतः वर्गांत बसून हेच काम करतेय. आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांचा पाया इथेच कच्चा राहतो.

शाळा डिजिटल कशी झाली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाल्यानंतरच्या काळात कितीतरी शाळांत प्रोजेक्टर, टीव्ही आणि टॅब आले ते लोकवर्गणीतून. लोकवर्गणी कुठे जमते? जिथे मुख्याध्यापकांचा शब्द गावात चालतो, जिथे एखादा शिक्षक धडपडून सरपंचांना, तरुण मंडळाला आणि मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्या गावकऱ्यांना गाठतो, जिथे पालकांना शाळा आपली वाटते. अशा शाळेतली मुलं प्रोजेक्टर यायच्या आधीही पुढेच असण्याची शक्यता असते. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याचं उत्पन्न जास्त दिसतं म्हणून ते ट्रॅक्टरनेच वाढलं असं आपण म्हणत नाही, कारण ज्याची जमीन मोठी आणि विहिरीला पाणी, त्यानेच ट्रॅक्टर घेतलेला असतो. तुमच्या २० डिजिटल शाळांच्या गुणांत गावाचा उत्साह, मुख्याध्यापकांची पकड, शिक्षकाची मेहनत आणि यंत्र हे सगळं मिसळलेलं असेल, आणि टी-चाचणीला ते वेगळं काढता येत नाही.

दुसरी अडचण ‘डिजिटल शाळा’ या शिक्क्याची आहे. एका शाळेत टीव्ही रोज दोन तास चालतो, दुसरीत तो भेट द्यायला अधिकारी आले की लागतो, तिसरीत वीजबिल थकून जोडणी तुटलेली असते आणि टॅब कपाटात चार्जिंगविना पडलेले असतात. तिन्ही शाळा कागदावर डिजिटलच. दुसऱ्या बाजूला बिगर-डिजिटल यादीतल्या शाळेत एखाद्या बाई स्वतःच्या मोबाइलवर कविता ऐकवतात, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मुलांसमोर स्कॅन करतात. त्यामुळे काय आहे याच्या आधी काय आणि किती वापरलं जातं ते मोजा. शिक्षकाला ‘आठवड्यात किती तास वापरता?’ असं विचारलं की उत्तर जवळपास नेहमीच जास्तीचं येतं. ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. वापर अपेक्षित आहे हे त्यांना माहीत असतं आणि आठवणही त्या बाजूला झुकते. त्यापेक्षा यंत्रालाच विचारा. दिव्याच्या प्रोजेक्टरच्या मेन्यूमध्ये दिवा एकूण किती तास जळला याचा आकडा असतो. तो आज टिपा, तीन महिन्यांनी पुन्हा टिपा आणि वजाबाकी करा. टॅबवर कोणतं अ‍ॅप किती वेळ उघडं होतं ते सेटिंगमध्ये दिसतं. वीजबिलं आणि इंटरनेट रिचार्जच्या पावत्याही मागून घ्या. एवढ्यावरच तुमच्या २० डिजिटल शाळांची तीन-चार वेगळ्या गटांत विभागणी होईल, आणि खरा प्रबंध तिथून सुरू होईल.

आता मुख्य मुद्दा. यंत्र वर्गात आलं की ते कशाची तरी जागा घेतं. तास ३५-४० मिनिटांचाच राहतो. म्हणून मी कोणत्याही अभ्यासात पहिला प्रश्न विचारते तो हा: या वीस मिनिटांत आधी काय होत होतं? या प्रश्नाने किती फरक पडतो ते गुजरातमध्ये फार स्वच्छ दिसलं आहे. ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत संगणकावरचा एकच गणिताचा कार्यक्रम दोन पद्धतींनी तपासला. काही ठिकाणी तो शाळेच्या वेळात, म्हणजे बाईंच्या शिकवण्याच्या जागी दिला, आणि काही ठिकाणी शाळा सुटल्यावर जादा वेळ म्हणून. जादा वेळ दिला तिथे मुलांचे गुण सुमारे ०.२८ प्रमाण विचलनाने (मुलामुलांच्या गुणांत किती पसारा आहे ते मोजायचं एकक) वाढले. शिकवण्याच्या जागी दिला तिथे सुमारे ०.५७ने घसरले. सॉफ्टवेअर तेच होतं. ज्ञानशालेत शिकवण्याची घडी आधीच चांगली बसलेली होती, आणि ती काढून संगणक दिल्यावर मुलांचं नुकसान झालं. ‘तंत्रज्ञानाचा परिणाम’ असा एकच आकडा काढायला गेलं की या दोन टोकांची सरासरी हाती येते आणि त्यातून काहीच कळत नाही.

त्याच राज्यातला त्याआधीचा दाखला वडोद्याचा आहे. तिथल्या महापालिका शाळांना सरकारने चार-चार संगणक दिले होते. नंतर ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोन मुलं, असे गणिताचे खेळ दिले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७मध्ये छापलेल्या निष्कर्षांत गणितात पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन इतकी वाढ दिसते. पण कार्यक्रम संपून एक वर्ष झाल्यावर तपासलं तेव्हा त्यातलं ०.१०च्या आसपासच उरलं होतं. तुमच्या आराखड्यात एकदाच गुण घ्यायचे आहेत, म्हणून हे सांगतेय. टिकतं किती हे पाहायला दुसऱ्या वर्षी परत जावं लागतं.

दिल्लीचा अभ्यास बहुधा तुम्ही वाचला असेल, कारण सगळे तोच उद्धृत करतात. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी माइंडस्पार्क या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या केंद्रांत ६१९ मुलांवर सोडत काढून तो केला. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन वाढ दिसली. उद्धृत करताना दोन गोष्टी मात्र सहसा गळतात. त्यांतली सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि सॉफ्टवेअर प्रत्येकाला तो जिथे आहे तिथून प्रश्न देत होतं. तसंच ९० मिनिटांच्या सत्रातली निम्मी वेळ छोट्या गटात माणूस शिकवत होता. म्हणजे यश त्या संपूर्ण मांडणीचं आहे. तीच मुलं आपल्याकडच्या डिजिटल वर्गात असती तर पडद्यावर सहावीचाच धडा लागला असता, आणि अडीच इयत्ता मागे असलेल्या मुलाला तो फळ्यावर जितका कळत नव्हता तितकाच पडद्यावरही कळला नसता. नुसती उपकरणं वाटून काय होतं ते पेरूमध्ये पाहून झालंय. ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेचा तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांत अभ्यास झाला. संगणकांची संख्या दर मुलामागे ०.१२ वरून १.१८ वर गेली, पण गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही.

आता आकडेमोडीची एक गोष्ट, कारण तोंडी परीक्षेत ती विचारली जाते. प्रत्येक गटात २० शाळांतली ३०-३० मुलं म्हणजे ६०० मुलांचा नमुना, असं तुम्ही धरलंय. पण एका शाळेतली मुलं एकाच शिक्षकाकडे शिकतात, एकाच गावात राहतात, आणि त्यांचे गुण एकमेकांशी बांधलेले असतात. गुणांतला २० टक्के फरक शाळाशाळांमधला आहे असं धरलं, तर ६०० मुलांमागचं संख्याशास्त्रीय वजन जेमतेम ८८ सुट्या मुलांएवढं भरतं. साधी टी-चाचणी हे लक्षातच घेत नाही, म्हणून ती नसलेला फरकही सार्थ दाखवू शकते. बहुस्तरीय विश्लेषण (मूल आणि शाळा हे स्तर वेगळे धरणारी पद्धत) शिकून घ्या किंवा शाळेची सरासरी हाच एकक धरा. गुणांचंही तसंच. संकलित मूल्यमापनाचे पेपर त्याच शाळेतले शिक्षक तपासतात, आणि शाळाशाळांत ढील वेगळी असते. ‘असर’ या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाच्या धर्तीवर प्रत्येक मुलाला एकटं बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं वाचून घेतलंत आणि तोंडी-लेखी गणितं दिलीत, तर मुलं कमी होतील, पण जे हाती येईल त्यावर विसंबता येईल.

मग करायचं काय? हे तुमच्या परिस्थितीवर ठरेल आणि ती मला पूर्ण माहीत नाही. तुमच्याकडे किती वर्षं उरली आहेत, रजा किती मिळते, मार्गदर्शक विषय बदलू देतील का, यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्या तालुक्यात येत्या वर्षी टॅब किंवा डिजिटल पॅनेल टप्प्याटप्प्याने वाटले जाणार असतील, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा आणि कोणत्या शाळांना आधी द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवण्याची विनंती करा. सगळ्यांना एकदम पुरणार नसतील तर त्यात कुणावर अन्याय नाही, उलट ‘आमच्या शाळेला का नाही’ ही तक्रार मिटते. तुम्हाला मात्र खरीखुरी तुलना मिळते. असं जमलं तर दुसरं काही शोधू नका.

नाही जमलं तर आपल्या व्यवस्थेतच एक संधी दडलेली आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. बदल्या. २०१८पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्या संगणकीय प्रणालीने होऊ लागल्या. कोण जाणार हे सेवेची वर्षं, अवघड क्षेत्र आणि संवर्ग यांच्या नियमांवर बरंचसं ठरतं. प्रोजेक्टर शाळेत येणं गावाच्या उत्साहावर अवलंबून असतं, पण तो चालवणारा शिक्षक जाणं तितकंसं शाळेच्या हातात नसतं. तो गेला की काय होतं? काही शाळांत दुसऱ्याच महिन्यात सगळं बंद पडतं आणि पासवर्डसुद्धा कुणाला माहीत नसतो. काही शाळांत उरलेल्या बाई तेच पुढे नेतात, कधी जास्त चांगलं. हा फरक का पडतो? माझ्या मते शाळा विकासाचा खरा प्रश्न हाच आहे, आणि तुमच्यासारखा आतला माणूस तो बाहेरच्या कुणाहीपेक्षा चांगला हाताळू शकेल. सहा ते आठ शाळा घ्या, निम्म्यांत वापर टिकलेला, निम्म्यांत बंद पडलेला, आणि त्या दोन वर्षं जवळून बघा. ४० शाळांपेक्षा आठ शाळा ऐकायला कमी वाटतात. पण ४० शाळांच्या प्रश्नावल्यांतून जे हाती लागत नाही ते आठ शाळांत वारंवार जाऊन बसल्यावर लागतं. आपल्या देशाला ही पद्धत नवी नाही. १९७५-७६मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरदर्शन पोहोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला, तेव्हा मोठ्या सर्वेक्षणांच्या जोडीला मानववंशशास्त्राचे अभ्यासक काही गावांत राहायला गेले होते.

वर्गात बसून काय टिपायचं, तर माझी पद्धत साधी आहे. तासाभरात ठरावीक अंतराने दहा वेळा घड्याळ बघायचं आणि त्या क्षणी वर्गात काय चाललंय ते लिहायचं: शिक्षक काय करताहेत, यंत्र कुणाच्या हातात आहे, किती मुलं कामात आहेत, किती नुसती बघताहेत, शेवटच्या रांगेतल्या मुलीला पडदा दिसतो का. जोडीला मुलांनी विचारलेले प्रश्न शब्दशः उतरवा. व्हिडिओ लागल्यावर वर्ग शांत होतो आणि ती शांतता एकाग्रता समजली जाते. व्हिडिओ संपल्यावर दोन मुलांना ‘काय बघितलंस?’ विचारा, लगेच अंदाज येतो. एका वर्गात एकदाच बसू नका. पहिल्या दिवशी तुमच्यासाठी खास तास होतो, तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून रोजचा तास दिसायला लागतो. नव्या यंत्राचं अप्रूपही काही महिन्यांत ओसरतं, म्हणून बसवल्यानंतर लगेचच्या नोंदींवरून निष्कर्ष काढू नका.

शाळा विकासाचा भाग बहुतेक प्रबंधांत शेवटच्या प्रकरणात दोन पानांत उरकतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा विकास आराखडा करण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीची आहे. त्या आराखड्याच्या मागच्या पाच वर्षांच्या प्रती आणि समितीची इतिवृत्तं मागून घ्या. टीव्ही घ्यायचं ठरलं तेव्हा चर्चा काय झाली होती? तो कशासाठी हवा होता, पट टिकवायला, शेजारच्या इंग्रजी शाळेत जाणारी मुलं थांबवायला, की तिसरीच्या मुलांना वाचता येत नव्हतं म्हणून? पट टिकवणं हेही द्विशिक्षकी शाळेसाठी जीवनमरणाचं कारण असतं, ते कमी लेखू नका. पण त्या हेतूने घेतलेला टीव्ही वाचन सुधारतो का, असं विचारून त्याला नापास करणं बरोबर नाही. दुसरं म्हणजे शिक्षकांचा वेळ. ऑनलाइन माहिती भरणं, फोटो अपलोड करणं, लिंक भरणं, हेसुद्धा डिजिटल तंत्रज्ञानच आहे, आणि ते शिकवण्याच्या वेळातून जातं की नाही हे टिपलं नाही तर तुमचा हिशेब अर्धा राहील. तिसरं, केंद्राच्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत शिक्षक एकमेकांकडून काय शिकतात ते पाहा. केनियात किसुमू भागात पहिल्या इयत्तांच्या वाचनावर एक तुलना झाली: काही ठिकाणी टॅब मार्गदर्शकांना, म्हणजे आपल्या केंद्रप्रमुखांसारख्या माणसांना दिले, काही ठिकाणी शिक्षकांना, आणि काही ठिकाणी मुलांना वाचनयंत्रं (ई-रीडर) दिली. तिन्हींकडे वाचन सुधारलं, आपापसात म्हणण्यासारखा फरक नव्हता, पण मुलांना यंत्र देणं सर्वांत महाग पडलं. तुमच्या केंद्रप्रमुखांच्या भेटीत काय होतं, ते तंत्रज्ञानाने बदललं का, हे विचारायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

तुम्ही त्याच जिल्ह्यातले शिक्षक आहात, याचे फायदे आहेत तशी जबाबदारीही आहे. तुमच्या वहीतली नोंद वरच्या कार्यालयात पोहोचेल अशी भीती सहकाऱ्यांना वाटणारच. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्या, पण शिक्षकांची संमती वेगळी घ्या, आणि नाही म्हणण्याची मुभा खरोखर द्या. स्वतःच्या केंद्रातल्या शाळा टाळा. वापर बंद पडलेल्या शाळांचं वर्णन करताना गाव ओळखू येईल असे तपशील गाळा. वर्गाचं चित्रीकरण शक्यतो नकोच. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याचं मूल आपल्या मोबाइलमध्ये साठवणं मला पटत नाही.

प्रश्नावली ठेवायचीच असेल तर पंधरा-वीस प्रश्नांच्या वर जाऊ नका आणि ‘तंत्रज्ञान उपयुक्त आहे असे वाटते का’ या जातीचे प्रश्न काढून टाका, त्यांना सगळे ‘पूर्णतः सहमत’ लिहितात. ‘मागच्या आठवड्यात शेवटचं कधी वापरलंत, कोणत्या धड्याला, आणि मध्येच काही बंद पडलं का’ असं विचारा.

तुमचा आराखडा अजून संशोधन मान्यता समितीसमोर गेलेला नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे शीर्षक बदलायला आत्ता वाव आहे. मार्गदर्शकांशी बोलताना पूर्ण नवा आराखडा एकदम पुढे ठेवू नका. आधी तीन डिजिटल शाळांत जाऊन प्रोजेक्टरच्या दिव्याचे तास, वीजबिलं आणि वर्गातल्या दोन-दोन दिवसांच्या नोंदी गोळा करा आणि त्या त्यांच्यासमोर मांडा. निरीक्षण तक्त्याचा कच्चा मसुदा झाला की इथेच टाका, मी वाचून सूचना देईन.